स्ट्रेचिंग रोज चालूय, तरी गुडघा दुखतोच, मग चुकतंय कुठं?

पत्र थोडक्यात असं: बीड जिल्ह्यातल्या एका गावची २३ वर्षांची मुलगी, लातूरला मैत्रिणींसोबत तिसऱ्या मजल्यावर रूम करून राहते, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे ग्राउंड, मग दिवसभर अभ्यासिका. आधी आठवड्यातून तीन दिवस पळायची, दिवाळीनंतर अकॅडमी लावली तेव्हापासून सहा दिवस, वरून रोज उठाबशा आणि बदकचाल. उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आजूबाजूला दुखतं, आता डावाही कुरकुरायला लागलाय. जिना उतरताना जास्त, आणि अभ्यासिकेत तासभर बसलं की पाय लांब केल्याशिवाय राहवत नाही. एक्स-रे नॉर्मल आला. एका ठिकाणी "ग्रीस कमी झालंय" म्हणून इंजेक्शन सुचवलं, अकॅडमीचे सर म्हणतात मांडीचा आतला मसल अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, मांड्या आखडल्यात, स्ट्रेचिंग वाढव. मोबाईलवर बघून ती पळायच्या आधी रोज अर्धा तास स्ट्रेचिंग करते, गुण नाही. आई म्हणते गुडघे घालवून बसशील, सोड ते पळणं. ती विचारते: स्ट्रेचिंग कमी पडतंय का, मसल चालू कसा करायचा, आणि ग्राउंड बंद करू का?

बघ, तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "रोज एवढं स्ट्रेचिंग करून बरं होईना म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलं असंल." तू धरूनच चाललीस की हे दुखणं आखडल्यामुळंच आहे आणि स्ट्रेचिंग हेच त्याचं औषध आहे, मग औषध घेऊन गुण येईना म्हणजे आजार मोठा. पण औषधच अर्धं असलं तर? मला तरी पत्र दोनदा वाचून तसंच वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, भरतीवाली पोरं-पोरी माझ्याकडं भरपूर येतात, आणि निम्म्या जणांची गोष्ट तुझ्यासारखीच असते, ग्राउंड एकदम वाढवलं, गुडघा दुखला, मग कुणीतरी सांगितलं स्ट्रेचिंग कर.

आधी दुखण्याचं बोलू. एका बोटानं नेमकं दाखवता येत नाही, वाटीच्या भोवती हात फिरवून दाखवावं लागतं, जिना, खाली बसून उठणं आणि गुडघा मोडून लई वेळ बसणं या तिन्हीला वाढतं, याला डॉक्टर लोक पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात. वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वर-खाली सरकते, त्या जागेवर झेपेना इतका भार रोज पडायला लागला की ती जागा दुखायला लागते. तरुण, पळणाऱ्या लोकांत हे लई कॉमन आहे, आणि पोरींमध्ये पोरांपेक्षा जास्त. "पोरींची कंबर रुंद म्हणून गुडघे असेच असायचे" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे, कंबरेच्या मापावरून कुणाचा गुडघा दुखेल हे सांगता येत नाही असंच अभ्यासांत दिसलंय.

एक्स-रे नॉर्मल आला याचं तुला टेन्शन आलंय, खरं तर ती चांगली बातमी आहे, या दुखण्यात एक्स-रेवर दिसण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतंच. आणि ते ग्रीसचं. सांध्यात वंगणाचं पाणी असतं हे खरं, सांध्याचं अस्तर ते सतत तयार करत राहतं, पण ते कमी झालं की नाही हे एक्स-रेवर दिसत नाही. वय झालेल्या माणसाच्या एक्स-रेत दोन हाडांतली फट कमी दिसते, ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळं, त्यालाच लोक ग्रीस संपलं म्हणतात. तुझं वय २३, एक्स-रे नॉर्मल, मग कशाचं इंजेक्शन? तुझ्यासारख्या दुखण्यात त्या इंजेक्शनला ठोस आधार नाही, ते पैसे राहू दे, चांगल्या बुटाला लाव.

आता भाराचं, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातली खरी गोष्ट इथं आहे आणि तू ती एका ओळीत उरकलीस. सपाट रस्त्यानं चालताना वाटीवर साधारण आपल्या वजनाच्या निम्मा दाब येतो, जिना चढता-उतरताना तो तिप्पटीच्या आसपास जातो आणि पूर्ण खाली बसून उठताना सातपटीपर्यंत. आकडे माणसागणिक थोडे इकडंतिकडं होतात पण चढण अशीच राहते, गुडघा जितका जास्त मोडून जोर लावशील तितका दाब जास्त. आता तुझा दिवस मोज. तिसरा मजला दिवसातून चार-पाच वेळा, पळणं सहा दिवस, उठाबशा, त्यावर बदकचाल, म्हणजे पूर्ण गुडघा मोडून वर सगळं वजन घेऊन चालायचं, आणि मग अभ्यासिकेत तासन्‌तास गुडघा मोडूनच बसायचं. तीन दिवसांवरून थेट सहा दिवस! शरीर वाढीव काम शिकतं, पण त्याला आठवडे लागतात. तू ते एका दिवाळीत मागितलंस. त्यामुळं गुडघा "बिघडला" म्हणण्यापेक्षा गुडघ्याला हिशोब झेपला नाही असं म्हण, आणि यातलं बरंचसं मागं घेता येतं.

बरं, आता सरांचा मसल. सर पूर्ण चुकीचं बोलले नाहीत, पण पूर्ण बरोबरही नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू मिळून एक गट आहे, क्वाड्रिसेप्स, त्यातला एक बाहेरच्या अंगानं वाटीला ओढतो आणि एक आतल्या अंगानं, आतला म्हणजे वाटीच्या वर आतल्या बाजूला जो उंचवटा दिसतो तो, जिमवाले त्याला टिअरड्रॉप म्हणतात. औताला जुंपलेल्या जोडीतल्या एका बैलानं पाऊल उशिरा उचललं की जू तिरपं होतं, तसं आतला स्नायू उशिरा जागा झाला तर वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, असा हा विचार आहे. आणि काही अभ्यासांत हा उशीर दिसलाही. पण काहींत दिसला नाही, गुडघा न दुखणाऱ्या माणसांतही तो सापडतो, आणि जिथं सापडतो तिथंही तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा असतो, कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून, ईएमजी नावाच्या मशीनवर. मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो डोळ्यानं दिसणार कसा? सरांनी कुठंतरी ऐकलं असेल, त्यांचा हेतू वाईट नाही, पण "तुझा मसल अ‍ॅक्टिव्हेटच होत नाही" हे वाक्य ऐकून पोरगी घाबरते, तिला वाटतं आपली वायरच तुटली.

तुटलेलं काही नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला मज्जासंस्था स्वतःहूनच कमी जोर लावू देते, सूज असली तर अजूनच कमी. म्हणजे मांडीचा जोर कमी झाल्यानं दुखतं आणि दुखतंय म्हणून मांडी जोर लावत नाही, असं ते एकात एक अडकलेलं असतं. आणि एक गोष्ट, फक्त आतलाच स्नायू वेगळा काढून त्याचा व्यायाम करता येतो असं जे व्हिडिओत दाखवतात, पाय बाहेर वळवा, गुडघ्यांत बॉल दाबा, त्यात काही खास फायदा असल्याचं सिद्ध झालेलं नाही, चारही स्नायूंना एकाच नसेकडून हुकूम जातो. पूर्ण मांडी मजबूत कर, आतला काही वेगळा राहत नाही.

तरी तुझ्या मनाच्या समाधानासाठी घरी एक करून बघ. पलंगावर पाय लांब करून बस, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेव, तो टॉवेल खाली दाबायचा प्रयत्न कर आणि वाटीच्या वर हात ठेव. मांडी हाताला कडक लागली आणि वाटी थोडी वर सरकली की झालं, तुझा मसल चालू आहे. उजव्या आणि डाव्या पायात फरक वाटला तर कमी वाटणाऱ्या बाजूला दहा-दहा सेकंद दाबून दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करायचं. ही फक्त सुरुवात आहे, एवढ्यावर थांबलीस तर दोन महिन्यांनी परत तेच पत्र लिहिशील.

मग स्ट्रेचिंग करायचं का नाही? करायचं, पण कशासाठी, कोणतं आणि कधी हे बघून.

कशासाठी ते आधी. मांडी "आखडल्यासारखी वाटते" आणि खरंच आखडलेली असते यात फरक आहे, थकलेला, दुखणारा स्नायू पण ताठ वाटतो आणि त्याला ताणून पाच मिनिटं बरं वाटतं, बस तेवढंच. त्यामुळं आधी तपास. पाठीवर झोप, एक पाय कंबरेत नव्वद अंशात वर घे, मांडी दोन्ही हातांनी तिथंच धर आणि गुडघा सरळ करत जा. जवळपास सरळ झाला, थोडाच बाक राहिला, तर मांडीची मागची बाजू, ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, ठीक आहे. बराच बाक राहतोय आणि मागून जोरात खेचतंय, तर ती आखडलीय. मग पोटावर झोप आणि टाच ढुंगणाकडं आण, दोन्ही पायांची तुलना कर, हे पुढच्या मांडीसाठी. पोटरीसाठी भिंतीसमोर उभं राहा, अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकला पाहिजे. जे आखडलेलं निघेल तेवढंच ताणायचं, जे ठीक आहे त्याला अर्धा तास ओढत बसून काय मिळणार?

हॅमस्ट्रिंग आखडली असेल तर तिचा गुडघ्याच्या पुढच्या दुखण्याशी संबंध येतो, कारण गुडघा सरळ करताना पुढच्या मांडीला मागच्या ताठ स्नायूच्या विरुद्ध जास्त ओढावं लागतं, आणि वाटीवरचा दाब वाढतो. आता इथं कोणतं स्ट्रेचिंग हा मुद्दा येतो. तू करतेस ते वाकून, पाय धरून, तसंच थांबून राहायचं, याला स्टॅटिक म्हणतात. दुसरं डायनॅमिक, म्हणजे हलत-हलत, भिंतीला धरून उभं राहायचं, पाय सरळ ठेवून पुढं झुलवत वर न्यायचा, परत आणायचा, आधी हळू आणि कमी उंच, मग हळूहळू वर. वरवर दोन्हीत मागचीच बाजू ताणली जाते, पण स्टॅटिकमध्ये पुढची मांडी निवांत असते, डायनॅमिकमध्ये तीच पाय वर उचलते आणि गुडघा सरळ धरून ठेवते, म्हणजे मागची ताणली जाताना पुढची काम करत असते. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी अगदी तुझ्यासारखीच माणसं घेतली होती, गुडघ्याच्या पुढं दुखणारी आणि हॅमस्ट्रिंग आखडलेली, १२ आठवडे सगळ्यांना ताकदीचे व्यायाम दिले, एका गटाला जोडीला स्टॅटिक, दुसऱ्याला डायनॅमिक. लवचिकता दोन्हीत वाढली, ताकदीत फारसा फरक नव्हता, पण डायनॅमिकवाल्यांचे स्नायू लवकर कामाला लागत होते आणि त्यांचं दुखणंही जास्त कमी झालं. एका अभ्यासावरून मी शपथ घेणार नाही, पण ज्यांची हॅमस्ट्रिंग खरंच आखडलीय त्यांना मी हेच सांगते, फुकटचं आहे आणि तोटा काही नाही. आणि यातली एक गोष्ट विसरू नको, दोन्ही गटांत ताकदीचे व्यायाम होतेच, नुसतं ताणून कुणालाच सोडलं नव्हतं.

कधी करायचं? पळायच्या आधी पाच-सात मिनिटं भरभर चालणं, मग पाय झुलवणं, चालत-चालत गुडघा छातीकडं घेणं, टाच हळू मागं मारणं, एवढं बास. पळायच्या आधी एकाच स्नायूला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ ताणून धरलं तर थोड्या वेळापुरता त्याचा जोर कमी होतो, म्हणजे तू पहाटे साडेपाचला अर्धा तास ताणून मग ८०० मीटर मारतेस ते उलटंच चाललंय. ताणून धरायचं ते संध्याकाळी किंवा पळून झाल्यावर, ३० सेकंद, प्रत्येक आखडलेल्या जागेला दोन-तीन वेळा, जोरात खेचायचं नाही. आणि उभं राहून टाच ढुंगणाला लावायचं ते जे सगळे करतात, त्यात गुडघा पूर्ण मोडतो आणि वाटी दाबली जाते, तुला त्यात पुढून दुखत असेल तर कुशीवर झोपून, घोट्याला ओढणी अडकवून, मांडी थोडी मागं नेऊन ताण, गुडघा दुखेल इतका मोडायचाच नाही.

आता मुख्य काम. या दुखण्यावर जगभरच्या तज्ज्ञांचं ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त एकमत आहे ती म्हणजे मांडीचा आणि कंबरेच्या बाजूचा, म्हणजे खुब्याच्या स्नायूंचा, दोन्हींचा मिळून ताकदीचा व्यायाम. खुब्याचा का, तर तो कमजोर असला की जिना उतरताना, पळताना गुडघा आत झुकतो. जिथं खूप दुखतंय तिथं सुरुवात खुब्यापासूनच करायची, कारण त्यात गुडघ्यावर भार येत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर उचलणं, पाठीवर झोपून पाय मोडून कंबर उचलणं, पायांना रबरी पट्टा लावून आडवं चालणं. मांडीसाठी भिंतीला पाठ लावून थोडंच खाली सरकून थांबणं, म्हणजे गुडघा साधारण ४५ अंशांच्या आतच मोडायचा, खुर्चीवरून हात न लावता हळू उठणं-बसणं, आणि चार इंचांच्या पक्क्या पायरीवर चढून एका पायानं हळूहळू उतरणं, आरशासमोर, गुडघा अंगठ्याच्या आत जातोय का बघत. वीट ठेवून त्यावर करायला जाऊ नको, डगमगते, पडशील. प्रत्येकी दहा-बाराचे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, दोन्ही पायांनी, आणि शेवटचे दोन-तीन करताना मांडी खरंच दमली पाहिजे, नाहीतर ती ताकद नाही, नुसती हालचाल आहे. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या बॅगेत अभ्यासाची पुस्तकं भर, भरतीच्या पुस्तकांचं वजन काही कमी नसतं.

यात थोडं दुखलं तर चालेल का, हे पुढचं पत्र येणार म्हणून आत्ताच सांगते. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरलं तर करताना दोन-तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ, पुढच्या वेळी कमी कर. फरक कळायला सहा आठवडे, नीट भरवसा यायला तीन महिने, एवढं धरून चाल. आठवड्यात बरं करतो म्हणणाऱ्यापासून जरा लांबच राहा.

ग्राउंड बंद करायचं का? तुझ्यासमोर तीन वाटा आहेत. आई म्हणते ती, पूर्ण सोड. दुखणं कमी होईल, पण मांडी अजून कमजोर होईल आणि दोन महिन्यांनी परत पळायला लागलीस की तेच, शिवाय भरतीचं स्वप्न तुझं आहे, गुडघ्याला विचारून सोडायचं नसतं. दुसरी, आत्ता चाललीय ती, दुखतंय तसं रेटत राहायचं. या दुखण्यात वर्षानुवर्षं त्रास राहिलेली माणसं खूप आहेत, पाच-आठ वर्षांनी विचारलं तरी निम्म्याहून जास्त जण पूर्ण बरे नव्हते असं एका मोठ्या पाहणीत दिसलं, म्हणून आपोआप जाईल या भरवशावर रेटू नको. तिसरी मधली, आणि मला तीच पटते. बदकचाल आणि खोल उठाबशा सध्या पूर्ण बंद, त्याला भरतीच्या मैदानी चाचणीत एकही मार्क नाही. मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असे ५० मार्क आहेत, मग पुढचे दोन महिने गोळ्यावर जोर दे की, तिथं गुडघ्याला फार झळ लागत नाही आणि पोरी तिथंच मार्क सोडतात. पळणं एक दिवसाआड, अंतर निम्मं, आणि पाऊल थोडं आखूड टाकून मिनिटाला पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढव, त्यानं वाटीवरचा भार कमी होतो हे नीट मोजलेलं आहे. मोबाईलमध्ये टिकटिक वाजवणारं फुकटचं अ‍ॅप मिळतं, मेट्रोनोम म्हणून. दोन आठवडे सकाळी दुखणं वाढलं नाही तर अंतर थोडं वाढव. डांबरी रस्ता सोडून मैदानावर पळ असं सगळे सांगतात, पण आपल्याकडचं काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगांनी फाटलेलं असतं, तिथं पाय मुरगळण्यापेक्षा सपाट डांबरी बरी, उतार मात्र टाळ.

सरांना हे सांगायचं कसं, ते तुला जड जाईल, मला माहितीय. बॅचसमोर बोलू नको, ग्राउंड संपल्यावर एकटं गाठ आणि "सर, मला फिजिओनी सहा आठवडे बदकचाल बंद सांगितलीय, त्याऐवजी मी हे व्यायाम करते, टायमिंग तुम्हीच घ्या" असं म्हण. बहुतेक सर ऐकतात, त्यांनाही सिलेक्शन पाहिजेच असतं. नाही ऐकलं तर त्या वेळेपुरतं बाजूला उभं राहायचं, दहा जणी बघतील, बघू दे.

अभ्यासिकेत दर अर्ध्या-पाऊण तासानं उठ, खाली मांडी घालून बसण्यापेक्षा खुर्ची घे आणि पाय पुढं लांब ठेव. रूमवर संडास देशी असेल तर नळाला नाही, पक्क्या कशाला तरी धरून ऊठ. जिन्याच्या फेऱ्या कमी कर, पाण्याचा जार वर चढवायची पाळी दोन महिने मैत्रिणींना दे, त्या बदल्यात तू पोळ्या कर. घरचे नवरात्रात तुळजापूरला ये म्हणाले तर जा, पण लक्षात ठेव तिथं देवीपर्यंत आधी पायऱ्या उतरायच्या असतात, आणि तुझ्या गुडघ्याला उतरणंच जास्त लागतं, कठडा धरून एक-एक पायरी उतर.

मेडिकलवरून गोळी घेऊन पळायचं, हे पोरं सर्रास करतात, तू करू नको. दुखणं दबतं आणि तू भार वाढवतेस, शिवाय पहाटे रिकाम्या पोटी, घाम गाळत, पाणी कमी पिऊन त्या गोळ्या रोज घेणं पोटाला आणि किडनीला बरं नाही. गुडघ्याची कॅप घालून धीर वाटत असेल तर वाटू दे, पण दुखणं कमी करायला ती फारशी उपयोगी ठरलेली नाही. वाटीला लावायची चिकटपट्टी, म्हणजे टेपिंग, नीट लावता येणाऱ्याकडून लावून घेतली तर सुरुवातीचे काही आठवडे व्यायाम करताना आराम मिळतो. करंट आणि शेकाच्या मशीनवर दहा-दहा दिवस पैसे घालवू नको, मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतेय, पण या दुखण्यात त्या मशिनी द्यायच्या नाहीत असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. एखाद्या फिजिओकडं गेलीस आणि त्यानं एकदाही तुला पायरीवरून उतरून दाखव म्हटलं नाही, थेट मशीन लावली, तर दुसरा बघ. पैशाची अडचण असेल तर लातूरचं किंवा गावी गेल्यावर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, हाडांच्या ओपीडीत केस पेपर काढ, सकाळी लवकर जा.

पण काही गोष्टी असतील तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. गुडघा अचानक फुगला, अडकून बसला, सरळच होईना, चालता-चालता निसटतो, पडल्यानंतर किंवा मुरगळल्यानंतर सुरू झालं, गुडघा गरम-लाल होऊन ताप आला, किंवा काही न करता रात्री झोपेतून उठवतं. तुझ्या पत्रात यातलं काही नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. पन्नाशीच्या पुढच्या, वर्षानुवर्षं ऊसतोड नाहीतर कापूस वेचणी केलेल्या मावशी-काकूंचा गुडघा सकाळी थोडा वेळ ताठ असतो, फुगतो, ते बहुतेक झिजेचं दुखणं असतं, ते वेगळं, तरी मांडीची ताकद तिथंही कामाला येते. आणि शाळेत खो-खो, कबड्डी खेळणारं बारा-चौदा वर्षांचं लेकरू वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या हाडाच्या टेंगळावर बोट ठेवून "इथंच दुखतं" म्हणत असेल, तर ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं आहे, हाड वाढायचं थांबलं की बहुतेक जातं, तोवर उड्या कमी करायच्या. पण तेच लेकरू गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल तर त्याचा खुबा तपासून घ्या, त्या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि तिथं उशीर करून चालत नाही.